अडसर

आमच्या दाराचा अडसर शिसवी आहे.
राजपुरीत एवढं महाग लाकूड
अडसराला कोणी लावत नाही.

तो मर्जान आज्याचा चोप.
वर चांदीचा पत्रा होता, टोकाला वाघाचं तोंड.
संस्थान गेलं त्या वर्षी मुरुडच्या सोनाराने
पत्रा सोलून वजनावर घेतला,
लाकूड परत दिलं. म्हणाला, हे तुमचं.
खिळ्यांची भोकं अजून आहेत.
पावसाळ्यात त्यांत मुंग्या राहायला येतात.

आजा नवाबाच्या सात पावलं पुढे चालायचा.
आठ झाली तर उर्मटपणा, सहा झाली तर सलगी.
चोप आपटायचा, ओरडायचा,
आणि माणसं गप्प व्हायची.
एवढंच काम. गप्प करणं.

परवा दिघीच्या धक्क्यावर अडकलेल्या
कोळशाच्या जहाजावरचा खानसामा आला
अंडी मागत. ओसेई, घानाचा.
माझा चेहरा बघून आधी स्वतःच्याच भाषेत बोलला.
मी मान हलवली: नाही रे बाबा,
चारशे वर्षं झाली,
आणि आमचे तर दुसऱ्याच किनाऱ्याचे.

मग दाराकडे वळला.
अडसर दोन्ही हातांनी उचलला,
बाळंतिणीकडून मूल घ्यावं तसा.
डोकं कुठे, म्हणाला.
सोनाराकडे, म्हटलं.

मोडक्या हिंदीत, उरलेलं हातांनी, सांगत राहिला:
तिकडे काठीवाला पहारेकरी नसतो, जीभ असतो.
राजा हळू बोलतो,
काठीवाला ते शब्द धुऊनपुसून लोकांपुढे मांडतो,
लोकांचं म्हणणंही त्याच वाटेने वर जातं.
कुणाच्या काठीवर सोन्याची मूठ, मुठीत अंडं.
माझ्याच टोपलीतलं एक उचलून दाखवलं:
आवळलं तर फुटतं,
सैल सोडलं तर पडतं.
सत्ता अशी.

मला आजा आठवला, म्हातारपणचा.
स्वतःसाठी बोलायचाच नाही,
टपाल कचेरीत रांग मोडून कोणी पुढे घुसलं तरी.
पण नळावर भांडण झालं की बाया त्याला हाक मारायच्या.
तो एकीचं ऐकून घ्यायचा,
दुसरीला सांगायचा,
शिव्या गाळून.

हे ओसेईला सांगायला माझ्याकडे भाषा नव्हती.
नुसतं म्हटलं, गुड मॅन.

त्याने डझनाचे पैसे दिले, नेली अकरा.
बारावं अडसराच्या बोडक्या टोकावर
तोल साधून ठेवू बघत होता.
नाही राहिलं.
हसला, माझ्या हातात दिलं.
कोमट झालं होतं.