चोवीस तासांनी

काल सकाळी नळीत पंचवीस माद्या सोडल्या,
शेपूट वर करून बसणाऱ्या.
टेका नाक्याच्या एका कूलरच्या टाकीतून
अळ्या आणल्या होत्या, इथल्या ट्रेमध्ये वाढवल्या.
नळीतल्या कागदाला औषध. एक तास.
मग साधी नळी, साखरपाण्याचा बोळा,
आणि चोवीस तास कोणी हात लावायचा नाही.

आज मोजते आहे.
चौदा पाठीवर, पाय आखडलेले.
अकरा भिंतीला, काल काही झालंच नसल्यासारख्या.
रजिस्टरात लिहिते: १४, ११.
वरच्या ओळीत मागचा मे महिना: २२, ३.

बाबा असते तर म्हणाले असते,
"लय हुशार झाले बाप्पा. औषध पचवाले शिकले."
केवळराम उके, फवारणी कामगार, महानगरपालिका.
खांद्यावर पितळी पंप, मिशांवर पांढरी भुकटी,
बिनाकीच्या दारादारावर गेरूनं तारीख लिहून
पुढच्या घरी.
पहिल्या वर्षी बाया भिंतीखालून मच्छरांचा केर झाडत,
सुपारीएवढा ढीग, त्यांना बोलावून दाखवत.
रिटायर झाले त्या साली
त्याच भिंतीवर, त्याच औषधावर
मच्छर दुपारची झोप घेत होते.

शिकलं कोणी नाही, बाबा.
या अकरा नळीत शिरल्या तेव्हाच वेगळ्या होत्या.
कधीतरी, कुठल्यातरी अंड्यात नक्कल उतरताना
एक काना राहिला असेल, एक वेलांटी उलटी पडली असेल,
आणि पिढ्यान् पिढ्या ती चूक
लेकीकडून लेकीकडे बिनकामाची जात राहिली,
थोडी जडच, माहेरच्या फुटक्या घंगाळासारखी.
मग तुम्ही पंप घेऊन आलात.

आई तांदूळ निवडायची तेव्हा
तिला ठाऊक असायचं, भात करायचाय.
पुस्तकातही तोच शब्द छापलाय, निवड.
पण हे सूप कोणाच्या हातात नाही,
आणि भात कोणाला करायचा नाही.
मेलेल्यांना नातवंडं होत नाहीत,
एवढ्यावर सगळं चालतं.
एका उन्हाळ्यात त्यांच्या किती पिढ्या होतात,
तुमची एकच नोकरी झाली.

मेडिकलमधून अजून फोन नाही.
रात्री सुगतची हाडं पुन्हा ठणकायला लागली,
चादर दातात धरून पडला होता.
त्याच्या कार्डावर एसएस. माझ्या, तुमच्या, आईच्या, एएस.
त्याच्या पेशी इळ्यासारख्या वाकतात
आणि बारीक नसांत अडकून बसतात.
"आपल्याच घरी काहून?" आई विचारायची,
भिंतीला, डॉक्टरला, मला.
मी तिला म्हणायचे, नशीब.
सायन्सला होते तरी.

आता सांगितलं असतं.
पवनीकडच्या रानात थंडीतापानं
घरंच्या घरं निजायची ती उठायची नाहीत,
तेव्हा आपल्यातली एक बाई उठली असेल.
तिच्या रक्तात एक अक्षर चुकलेलं, एकाच बाजूनं.
तापाच्या जंतूला त्या पेशीत बिऱ्हाड जमेना.
तिची पोरं जगली, त्यांची जगली,
करता करता मी.
आणि दोन्ही बाजूंनी चूक भेटली तिथं सुगत.

तुम्हालाही यायचा की ताप.
तिसऱ्या दिवशी पंप उचलून निघायचात,
म्हणायचात, सरकारी गोळीचा गुण.
मच्छरांना तुम्ही चाळत होतात, बाबा,
आणि त्यांनी आपल्याला चाळून
कधीचं खाली ठेवलं होतं.

वाचलेल्या फ्रीजरमध्ये टाकायच्या असतात.
नळी उचलते. एक मादी बोळ्यावर बसलीय,
पोट साखरपाण्यानं फुगलेलं, काचेतून दिसतं.

फोन वाजतो. वहिनी.
दोन बाटल्या लागतील म्हणते, कोणाला सांगू?
माझं चालायचं नाही. अर्धं तेच आहे.
ऑफिसात नावं विचारत फिरते,
झाकण लावायचं राहूनच जातं.