डावी गाठ

शनिवारी सकाळी सातलाच आर्डिस सोरेन्सन
गाडी काढते. मागच्या सीटवर पुठ्ठ्याचं खोकं,
पर्समध्ये स्क्रू-ड्रायव्हर.
रसीन गावच्या गल्ल्यांतून ती सायकलच्या वेगानं जाते,
जिथं जिथं कुणी गॅरेज उघडून
घरातलं नकोसं बाहेर मांडलंय.
मे महिना, तरी सरोवरावरचा वारा
कोटाची बटणं तपासून जातो.

इस्त्र्या नकोत. दिवे नकोत. नाताळचे काचेचे गोळेही नकोत.
मिक्सर आहे का? जुना?
बंद असला तरी चालेल.
बंद असला तर उत्तम, दोन डॉलर कमी होतात.

तळघरात एकेचाळीस आहेत.
क्रोमचे, ज्यांत पाहिलं तर आपलं नाक तेवढं मोठं दिसतं.
पिस्त्याच्या रंगाचे, सायीच्या रंगाचे,
एक तर थेट लिपस्टिकसारखा लाल.
चार पाकळ्यांची जाड काचेची भांडी,
हातून सुटली तर फरशीची काळजी वाटावी अशी.
आणि नुसते मांडलेले नाहीत बरं का.
बीटचं सूप एकात, बदामाचा लगदा दुसऱ्यात,
चेरीचं दूध त्या थरथऱ्या, बुटक्या म्हाताऱ्यात,
ज्याला झाकणावर हात ठेवून धीर द्यावा लागतो.
बसून राहिली की मोटार रुसते, म्हणते ती.
ती बटण दाबते
आणि शेजारी ड्वेनचा रेडिओ
सामन्याच्या ऐन रंगात खरखरतो.
ड्वेन भिंतीवर बुक्की मारतो. एक. सवयीची.

लोकांना वाटतं, छंद आहे.

अकरा वर्षं ती कारखान्यात तार गुंडाळत होती.
केसाहून किंचित जाड तांब्याची तार,
खाचेतून खाचेत, मोजून,
आणि शेवटी मेणाच्या दोऱ्याची गाठ.
बाकांवर तीस बाया, तीस उजवे हात.
एकटी आर्डिस डावरी.
फोरमन म्हणायचा, गाठ उलटी पडते तुझी.
ती म्हणायची, सुटते का?
सुटत नव्हती. म्हणून तो पुढच्या बाकाकडे जायचा.

पिठाच्या, साखरेच्या, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या
कणांनी बुजलेली जाळी ती ब्रशनं झाडते,
चार स्क्रू काढते, तळ उघडते.
जळक्या कार्बनचा वास येतो. चष्मा कपाळावरून नाकावर.
आणि गाठ बघते.
उजवी.
उजवी.
ही बहुतेक डोलोरेसची, घट्ट, कंजूष.
उजवी.

एकेचाळिसांत तीन सापडल्या.

मागल्या वर्षी शिकागोहून एक बाई आली,
जुन्या फॅशनचा घेरदार फ्रॉक, ओठ रंगवलेले,
आणि तळघरात ती फिरोजी मिक्सरपाशी
देवळात थांबावं तशी थांबली.
हा रंग दोनच वर्षं निघाला होता, म्हणाली,
आणि असा आकडा सांगितला की आर्डिस
पायरीवर बसली.
नेमका तोच. तिघांतला एक.

छताला नवे पत्रे हवे होते.
पुढच्या रविवारी घेऊन जा, म्हणाली आर्डिस,
जरा तेलपाणी करून ठेवते.

त्या आठवड्यात तळघरात रात्री दिवा होता.
लाल मिक्सरची मोटार फिरोजीत गेली,
फिरोजीची लालमध्ये आली.
दोन्ही चालतात. दोन्ही एकाच मापाच्या.
मोटारी बदलणं म्हणजे
तिच्या डाव्या हाताचा मळ.
फसवणूक झाली का?
तिनं पास्टरना विचारलं नाही.
बाई रंगासाठी आली होती, रंग घेऊन गेली.

आता लाल मिक्सर वर स्वयंपाकघरात असतो.
डिकॅल्बच्या नातवानं एकदा विचारलं,
आजी, यानं नीट वाटलं जात नाही, नवा का आणत नाहीस?
तिनं आणखी थोडं दूध ओतलं,
झाकणावर डावा हात ठेवला
आणि बटण दाबलं.

भिंतीवर बुक्की.