ऊन खाणं

जूनमध्ये पुन्ता अरेनासला
दहाला उजाडतं, साडेपाचला मिटतं.
तेवढ्या वेळात नेवेन्का कुसानोविचच्या स्वयंपाकघरात
पोळपाटाएवढा एक कवडसा
जमिनीवरून चालत जातो,
त्याच्यामागून ससा.
टेबलाच्या पायापासून शेगडीपर्यंत,
शेगडीपासून मिर्कोच्या बुटांपर्यंत,
जे तिनं अजून कुणाला दिलेले नाहीत.

ससा बंबवाल्यांच्या सोडतीतला.
पहिलं बक्षीस कोकरू होतं, ते दुसऱ्यांच्या घरी शिजलं.
हे दुसरं. म्हणून नाव सेगुन्दो.
मिर्को म्हणाला होता, रविवारी बघू.
मग रविवार आले, गेले,
आणि एका रविवारी मिर्कोच नव्हता.

या हिवाळ्यात सेगुन्दोची हनुवटी ओली राहू लागली.
गवताची काडी तोंडात घ्यायचा,
दोनदा चावायचा,
आणि उसनी वस्तू परत करावी तशी
खाली ठेवायचा.

डॉक्टर ओयार्सुन वयानं लहान, हात बर्फासारखे.
तिनं फोटो दिव्यासमोर धरला:
दाढांची मुळं खाली, जबड्यात घुसलेली,
हाडं फिकट, दूध कमी पडलेल्या चहाच्या उलट.
"ऊन मिळतं का याला?"
"रोज!" नेवेन्का जवळजवळ रागावली.
"दिवसभर खिडकीतच असतो."

डॉक्टरनं बोटाच्या पेरानं खिडकी वाजवली. टक टक.
"ही उजेड आत सोडते, बाई. ऊबही सोडते.
पण हाडांना जे लागतं
ते बाहेरच्या बाहेर वाटेला लावते."

बसमध्ये, टोपली मांडीवर घेऊन,
तिनं चार हिवाळ्यांचा हिशेब केला.
चार हिवाळे तो उन्हाचा फोटो खात होता
आणि मी म्हणत होते, बघा कसा सुखात आहे.

मराठीत ऊन खातात.
हे नेवेन्काला माहीत असायचं कारण नाही.
आपला चंद्रावरचा ससा
तिच्या आकाशात उलटा लटकतो, पाय वर करून,
हेही तिला कुणी सांगितलेलं नाही.
आणि चंद्राच्या उजेडावर
कुठल्याच सशाचं भागत नाही.

ऑक्टोबर आला. आता ऊन होतं,
पण ऑक्टोबरातलं इथलं ऊन सरळ नसतं.
वरचं आभाळ विरलेल्या चादरीसारखं,
किनाऱ्यावरच्या खांबावर लाल दिवा:
आज कातडी सांभाळा.
सेगुन्दोचे कान तर कांद्याच्या पापुद्र्यासारखे,
आत शिरा दिसणारे, गुलाबी.
कमी पडलं तरी वाईट, जास्त झालं तरी.
शेवटी तिनं अंडी उकडायचं घड्याळ आणलं,
सकाळचं, तिरपं ऊन बघून
मागच्या अंगणात ओव्हनच्या जाळ्यांचा गोठा केला.

वाऱ्यानं तो पहिल्याच दिवशी आडवा केला.
छत्रीचं तर नावच नको, या गावात छत्री कोण घेतं?
मग तिनं मिर्कोचा बोटीवरचा डगला काढला,
स्वतः अंगावर घेतला
आणि वाऱ्याकडे पाठ करून बसली.
डगल्याचा एक पदर सशासाठी सावली,
त्यापलीकडे ऊन.
कुठं बसायचं ते त्यानं ठरवायचं.

कुंपणावरून एलेउतेरिओ ओरडला,
"काय हो, रस्सा कधी?"
"तुझ्या लग्नाला!" ती म्हणाली.
एलेउतेरिओ एकाहत्तर वर्षांचा.

पहिले तीन दिवस ससा सावलीतच.
काळीज सशाचं, त्यात वारा.
चौथ्या दिवशी एक पंजा बाहेर आला,
मग नाक,
मग सगळा ससा एकदम कुशीवर कोसळला,
इतका अचानक की तिला वाटलं मेला.
पोट मात्र हलत होतं.
पायांचे तळवे उन्हाकडे.

दाढा मागे जाणार नाहीत,
डॉक्टरनं हे आधीच सांगून ठेवलंय.
दर सहा आठवड्यांनी घासाव्या लागतील,
औषधाचे थेंबही मोजूनच, चुकून जास्त नको.
फ्रिजवर चुंबकाखाली नेवेन्काचीही एक चिठ्ठी आहे,
मोठ्या दवाखान्याची, मार्चपासून,
जवळजवळ तेच शब्द.
ती तिनं अजून नीट वाचलेली नाही.

घड्याळ वाजलं.
तिनं ते बंद केलं,
डगल्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या
आणि आणखी पाच मिनिटं लावली.