कूस

आज विट्यात दिवसभर लाईट नाही,
म्हणून माग गप्प,
म्हणून आप्पा घरात,
म्हणून मला दिसलं
की ते चहाची बशी डाव्या हातानं धरतायत.

"दाखवा."
"काही नाही गं. धोट्याची कूस गेलीय.
तीन दिवस झाले. जिरंल आतल्या आत."

आतल्या आत काय काय जिरवलंय आप्पांनी,
सुताचे भाव, शेठची बोलणी,
उजव्या कानातला न थांबणारा खडखडाट.
पण लाकूड जिरत नाही, आप्पा.

आई गूळ-साबणाची पोटीस घेऊन आली.
शेजारचे इंगवले म्हणाले, रुईचा चीक लाव.
दोघांनाही म्हटलं, सरका, उजेड अडतोय.

आधी माझे हात धुतले, मग त्यांचा.
भिजत ठेवला नाही; लाकूड फुगतं, मग मोडतं.
दाबलं नाही. पिळून निघतं ते लिंबू.
सुई आणि चिमटा स्पिरिटनं पुसले,
माझ्या चष्म्यावर आईचा चष्मा चढवला.

त्या हातावर शोधायचं तरी कुठं?
घट्टे, चिरा, सुतानं कापलेल्या रेघा;
ज्योतिषी सुद्धा चुकला असता.
शेवटी तर्जनीच्या दुसऱ्या पेरावर
एक काळी, तिरकी.

सुईच्या टोकानं वरची कातडी नुसती उचलली,
उकरली नाही.
ज्या वाटेनं आत गेली
त्याच वाटेनं, त्याच तिरकेपणानं ओढायची,
नाहीतर अर्धी आत राहते.
हे मला मिरजेत नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकवलं.
आप्पा न शिकता मान हलवत होते.

हूं नाही की चूं नाही.
फक्त पायाचा अंगठा मागाच्या चालीत हलत राहिला,
लाईट नसताना.

निघाली.
पांढऱ्या फडक्यावर ठेवली तर आईला दिसेना.
"एवढीच?" आप्पा चिडलेच.
"एवढ्यासाठी तीन रात्री मी
या कुशीवरनं त्या कुशीवर?"

थेंबभर रक्त आलं. येऊ दिलं. धुतलं, पट्टी बांधली.
"धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंत?"
आप्पांनी पत्र्याकडं बघून हिशोब मांडला.
"तुझ्या बारशाच्या आधी."

मी चप्पल घातली.

गल्लीत एकही माग चालत नव्हता,
तरी आप्पा माझ्याशी ओरडूनच बोलत राहिले,
पट्टीचं बोट उंच धरून,
समोरून येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असं.