खिळा नसलेलं चर्च

पाद्री वर्षातून एकदा येतो,
तोही समुद्राची मर्जी असेल तर.
बाकीचे दिवस चिलोएच्या या टोकाच्या बेटावर
देव आमच्याकडेच मुक्कामाला
आणि त्याच्या घराची किल्ली माझ्याकडे.

वीतभर लांब, गंजकी, चाटली तर खारी लागेल अशी.
एलेउतेरियो मियातुरेओने ती माझ्या तळव्यावर ठेवली
तेव्हा त्याची बोटं तिला सोडायला तयार नव्हती.
"एदुविहिस," म्हणाला, "तू शिंपल्या वेचतेस,
तुला ओहोटीची वेळ कळते. तेवढं पुरे."
मी म्हटलं, माझा विश्वास फार पातळ आहे हो,
महिनाअखेरीच्या बटाट्याच्या रश्शासारखा.
"मग छपरापासून सुरुवात कर.
छपराला विश्वास लागत नाही, फळ्या लागतात."

तर पहिलं वर्ष मी छपरावर काढलं.
कुजलेली लाकडी कौलं उपसली,
सुरूच्या वासाची नवी बसवली, तोंडावर पाऊस घेत.
खाली संत मिगेलच्या पायाशी बादली.
प्रार्थना? केली असेल.
शिडी घसरली तेव्हा नक्की केली.

कौलं सोडली तर या चर्चच्या सांगाड्यात
एकही खिळा नाही.
पणज्यांनी लाकडात लाकूड गुंतवून उभं केलंय.
लहानपणी मी एलेउतेरियोला कारण विचारलं होतं.
"त्याला पुरे झाले खिळे," एवढंच बोलला
आणि पुन्हा फरशीवरचं मेण खरवडू लागला.

दुसऱ्या वर्षी घंटेचा दोर.
तिसऱ्या वर्षी पोरांना प्रार्थना शिकवायची पाळी आली,
तिथे मी अडकले.
भाकरीपर्यंत सगळं सुरळीत जायचं,
मग ती कर्ज सोडण्याची ओळ यायची
आणि मला खोकला लागायचा.
पोरांना वाटायचं, मावशीला दमा आहे.

कारण आबेलिनो चिग्वाय.
नवरा तापात फणफणत असताना
एका सहीवर त्याने आमची होडी नेली.
नवरा गेला. होडी राहिली, आबेलिनोच्या धक्क्याला,
निळ्याची पिवळी होऊन.
नऊ वर्षं मी त्या वाटेने गेले नाही.

जुलैत, ऐन हिवाळ्यात,
वादळाच्या तिसऱ्या रात्री आबेलिनो वारला.
पाद्री नाही, बोट नाही.
त्याची मुलगी माझ्या दारात, निथळत.
बोलली काहीच नाही.
खुंटीवरच्या किल्लीकडे बघत राहिली.

खोटं कशाला सांगू, मला दया आली नाही.
कोट घातला, कारण गारठा होता.
दार उघडलं, कारण किल्ली माझ्याकडे होती.
सहा माणसं, एक पेटी,
आणि वारा चर्चला जहाजासारखं हेलकावत होता,
सांध्यात सांधा कुरकुरत,
कुरकुरत, पण धरून.

मी सुरू केली. भाकरीपर्यंत आले.
खोकल्याची वाट पाहिली.
मग ती ओळ मी ढकलली,
वाळूत रुतलेली होडी ढकलतात तशी,
खांदा लावून, तळ खरवडत, इंचाइंचाने.
मागून त्या मुलीचा आवाज आला, माझ्याहून मोठा,
त्याच ओळीवर.
तिलाही कुणाचं तरी सोडायचं असेल.
बहुधा त्याचंच.

होडी मला मिळाली नाही. मी मागितलीही नाही.
ती रोसाल्बा आता दर शनिवारी झाडायला येते,
त्याच पिवळ्या होडीतून.
आम्ही फार बोलत नाही.
ती बाकं सरकवते, मी खालचा कचरा ओढते.

एलेउतेरियो खाटेला खिळलाय.
कानामागे तळहात धरून विचारतो,
"वाढला का गं विश्वास?"
मी म्हणते, उत्तरेच्या बाजूला अजून गळतंय.
"हां," तो म्हणतो,
"म्हणजे अजून चढतेस."