विनावाहक, विनाथांबा

वैशाखातली दुपार, यावल.
कूलरमध्ये चौथी बादली ओतून झाली.
हॉलमध्ये आप्पांनी चार खुर्च्या मांडल्या,
दोनामागे दोन,
मंडपवाल्या सोपानकडून आणलेल्या, लाल,
एकीचा पाय जरा फाकलेला.
"ती खिडकीची," म्हणाले. "तिच्यावर कोणी बसू नका."

दिल्ली ते टोरंटो साडेपंधरा तास.
जुईला दीड वर्ष.
एका जागी ती साडेपंधरा मिनिटं बसली असेल
तर ती तापात.

ओढणीचा पट्टा करून तिला मांडीवर बांधलं.
पुढच्या खुर्चीच्या पाठीला
सुतळीनं पोळपाट: तो ट्रे.
पोळपाटावर वाटी, वाटीत मऊ भात,
तूप, फिक्कं वरण, अर्धं केळं.
झोपेकाकू एकदा जाऊन आल्यात न्यू जर्सीला,
त्या दारातूनच सांगत होत्या:
विमान चढताना लेकरानं काहीतरी गिळत राहायचं,
नाहीतर कान ठणकतात.
आणि वरण नेऊ नको, पातळ असतं, काढून घेतात.
"मंग काय दगडं चारू तिले?" आई आतून.
ती राजगिऱ्याचे लाडू वळत होती,
जुईच्या मुठीच्या मापाचे.

पहिला घास. मान डावीकडे.
दुसरा घास. मान उजवीकडे, वरण ओढणीवर.
काऊचा म्हटलं, चिऊचा म्हटलं,
आणि माझं मलाच हसू आलं,
ढगांच्या वर कुठला कावळा.
मोबाइल दाखवायचा नाही असं मी ठरवलं होतं.
ठरवायला काय जातं.
तिसरा घास तिनं गालात ठेवला
पतपेढीत ठेव ठेवावी तसा,
आणि माझ्याकडे बघत बसली.

तेव्हा आप्पा आत गेले
आणि खाकी शर्ट घालून आले.
पोटावरचं बटण लागेना.
एकतीस वर्षं यावल डेपो.
चोपडा, भुसावळ, फैजपूर,
पालच्या घाटात ओकणारी पोरं,
कोंबड्या, केळीचे घड, बाशिंग सांभाळणारे नवरदेव,
या सगळ्यांतून आडवा होत गेलेला माणूस
चार लाल खुर्च्यांमधून
तसाच आडवा होत आला,
कोपर टेकवत,
फरशी हलत असल्यासारखा.
हातात पंच.
टिक्-टिक्. टिक्-टिक्.
"कुठी जानं व माय?"

जुईचं तोंड उघडलं.
मी घास सारला.

टिक्-टिक्. आ. भात.
"फुल्ल का हाप?" टिक्-टिक्. आ. केळं.
सुट्टे नाहीत म्हणून त्यांनी तिच्या तळहातावर
राजगिऱ्याची एक लाही ठेवली.
तीही गेली.
वाटीचा तळ दिसला,
आई गुळाच्या हातांनी दाराशी येऊन उभी.

म्हटलं, आप्पा, हा पंच द्या मला.
"लोखंड आहे, सोडणार नाहीत," काकू.
आप्पांनी तो खिशात टाकला,
परत काढला, परत टाकला,
मग जीभ टाळूला लावून आवाज काढून पाहिला.
कवळी मध्ये येत होती.
म्हणून मला काढायला लावला,
नऊ वेळा.
दहाव्यांदा म्हणाले, "हां. हे तिकीट फाटलं."

मग विचारलं, मधे थांबे किती?
एकही नाही.
आणि कंडक्टर?
नसतो, आप्पा.
"विनावाहक, विनाथांबा,"
बसवरची पाटी वाचावी तसं म्हणाले
आणि खाकी बाहीनं तिचं तोंड पुसलं.

भिंतीपासून भिंतीपर्यंत कपड्यांची दोरी आहे आमच्याकडे.
हात वर करून त्यांनी ती ओढली,
तोंडानं म्हणाले, टण्ण.
गाडी सुटायला दोनदा द्यायचा असतो टोला.
त्यांनी एकदाच दिला.

जुई पट्ट्यातून सुटली
आणि उतरली.