वाराई

एकतीस वर्षं डोक्यावर वाहिलं.
कांदा, बटाटा, गूळ,
एकदा तर शेटचं लोखंडी कपाट.
डोक्याच्या आत काय असतं
ते मात्र कडू मॅडमनी पहिल्यांदा सांगितलं,
पालिकेच्या दवाखान्यात, तळमजल्यावर.
माझा उजवा हात टेबलावर पडला होता,
कुणीतरी विसरून गेलेल्या डब्यासारखा.

“हात धड आहे, काका.
हाताकडं जायचा रस्ता खचलाय.”

रस्ता म्हटल्यावर मला कळलं.
सत्त्याण्णव साली मार्केटात गाळ्यांपुढचं गटार बसलं,
गाड्या अडकल्या, कांदा आतल्या आत तापायला लागला.
आनंदा पोफळे, आमचा मुकादम,
कुणाला विचारत बसला नाही.
मागच्या बोळातून, चहाच्या टपरीचं फळकूट उचलून
लायनीत लावलं आम्हाला.
पहिल्या दिवशी निम्मी गाडी उतरली.
सहाव्या दिवशी तो बोळच आमचा रस्ता झाला.
पुढं गटार दुरुस्त झालं, तरी पाय तिकडंच वळायचे.

“अगदी तसंच,” मॅडम म्हणाल्या,
“फक्त इथं मुकादम तुम्हीच.”

तर आता दोन कामं.

सकाळी साडेपाचला कोपरखैरण्याच्या तलावाला फेरे.
डावा पाय टाकायचा, उजवा ओढायचा,
घाम येईपर्यंत. घाम आलाच पाहिजे, अशी ताकीद आहे.
हसू येतं मला.
जन्मभर गाळला तो वाराईसाठी,
आता म्हणे त्यानं डोक्यातली माती भुसभुशीत होते,
मग काही पेरलं तर रुजतं.
जुने सोबती बाकावर गुडघे चोळत असतात.
“शेलार, कुठवर?”
मी हात हलवतो. डावा.

दुसरं काम दुपारी, बसून.
“डोळे मिटा आणि गोणी उचला.
हात हलवायचा नाही. नुसती मनात.”
ह्याला काम म्हणायचं?
फुलाबाई भांडी घासता घासता म्हणाली,
इतकी वर्षं हात चालला, डोकं कधी चालवलं नाही,
होऊ द्या आता फिट्टंफाट.

आठ दिवस नुसता काळोख.
मधेच विजेचं बिल आठवायचं, मधेच झोप.
नवव्या दिवशी आधी वास आला,
दमट बारदानाचा.
मग आकडा आला मुठीत,
त्याच्या लाकडाला पडलेली चीर,
माझ्याच अंगठ्याच्या मापाची.
मग महादूची हाक, उचलऽ,
मानेवर पन्नास किलो
आणि गुडघ्यातून वर चढत गेलेला तो जोर.
डोळे उघडले तर बनियन भिजलेलं.
हात होता तिथंच, मांडीवर, गप.

मॅडमना सांगितलं.
त्यांनी वहीत मांडून घेतलं,
मुकादम खेप मांडतो तसं.
सगळं परत येईल का, विचारलं.
सगळं नाही, म्हणाल्या.
खोटं बोलत नाही ती बाई.

काल ओट्यावर एक कांदा होता, लहानसा,
सालीवरून नाशकाकडचा वाटला.
बोटं गेली.
मी पाठवली की आपली आपण गेली, सांगता येत नाही.
उचलला. एक बोटभर, दोन, चार बोटं वर,
पाचव्याला सुटला
आणि गडगडत कॉटखाली.
नात वाकली काढायला.
म्हटलं, तन्मयी, राहू दे तिथंच.
उद्याची खेप आहे ती.

रात्री फुलाबाईनं हलवून जागं केलं.
“झोपेत बोटं मिटताय, उघडताय.
मोजताय काय एवढं?”
काही नाही, म्हटलं.
मागच्या बोळात गाडी लागलीय.
निम्मी उतरली.
वाराईचं उद्या बघू.